इरम्माच्या खबरी

खबरी इरम्मा, खबरी इरम्मा म्हणून ज्या बाईचं नाव ह्या गावात अजून निघतं, ती माझी थोरली जाऊ. पोरं भांडायला लागली की एकमेकांना म्हणतात, "जा रे, सांग मास्तरला, खबरी इरम्मा कुठला!" हे त्यांना त्यांच्या आज्यांनी शिकवलं. त्या आज्या आता मेल्या, बरं झालं. मी तिची धाकटी जाऊ, लक्ष्मम्मा. मी अजून हाय आणि माझं तोंड अजून चालतंय. खरं काय झालं ते ऐकायचं असलं तर बसा, न्हायतर उठून जा, मला काय फरक पडत न्हाय.

आमचं गाव सास्तूरच्या अलीकडं. आमी लिंगायत, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. अक्काचं, म्हणजे इरम्माचं, माहेर जळकोटचं, मोठ्या सडकेवरचं. गाडीनं निघालं तर सगळा दिवस त्या वाटंत जायचा. तरी नागपंचमी असो, दिवाळी असो, ही बाई आठ दिवस आधीपासून गाठोडं बांधून बसायची. आई उमाबाई आणि धाकटा भाऊ वीरप्पा, ह्या दोघांवर तिचा जीव. थोरला भाऊ शिवप्पाही होता, पण तो जन्मापासून कपाळाला आठ्या घेऊनच आलेला.

माझा दीर चन्नबसप्पा म्हणजे अक्काचा नवरा. देवमाणूस, पण गप्प. घरातलं सगळं बोलणं अक्काच्या वाट्याला आलेलं. आणि तिची एक खोड होती. कुठल्या गोष्टीला सरळ नावानं हाक मारायची न्हाय. आमच्या शेळीला ती तहसीलदारीण म्हणायची, का तर ती कुणाच्याबी दारात जाऊन हक्कानं खायची. धूर करणाऱ्या चुलीला सासूबाई म्हणायची, आणि सासूबाई पलीकडंच बसलेल्या असायच्या. नवीन माणसाला तिचं निम्मं बोलणं कळायचं न्हाय. आमाला सगळं कळायचं. गावालाबी कळायचं, हे ध्यानात ठेवा.

हिवाळ्यात ज्वारी हुरड्याला आली की राखण अक्काकडं. शेतात माळा बांधलेला, त्याच्यावर ती गोफण घेऊन दिवसभर उभी. भोरड्यांचे थवेच्या थवे यायचे, कणसावर पडायचे. अक्का गोफण फिरवायची, पण दगड पाखराच्या बाजूनं जायचा. सासूबाई म्हणायच्या, ही राखण करती का पाखरांशी खेळती? अक्का म्हणायची, "पळाली न्हवं? मग मारायचं कशाला?"

जर्मनची लढाई संपली त्या साली दिवाळी झाल्यावर आमच्या तळ्याच्या काठाला एक म्हातारा राहुटी ठोकून बसला. यावरसाहेब म्हणायचे त्याला. हैदराबादेत कुठंतरी शिकवून निवृत्त झालेला, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. तो पहाटे बारीक जाळी लावायचा, पाखरं धरायचा, त्यांच्या पायात जर्मनच्या भांड्यासारख्या हलक्या पत्र्याचं इवलंसं वाळं घालायचा आणि सोडून द्यायचा. खायचा न्हाय, विकायचा न्हाय. गावानं चार दिवस मजा बघितली आणि त्याला येडा ठरवून टाकलं.

त्याला एक माणूस पाहिजे होतं, जाळीत गुंतलेलं पाखरू पाय न मोडता काढणारं. गडी म्हणाले, पाखरं धरायला आमी काय पारधी हाव? अक्का माळ्यावरून उतरली आणि म्हणाली, मी काढते. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. माझ्या दिरानं फक्त एवढंच विचारलं, "पाखराला दुखत न्हाय न्हवं?" अक्का म्हणाली न्हाय. मग तो गप्प बसला आणि अक्का गेली.

लई पाखरं यायची, पण तिचं लाडकं ते परीट. काळं-पांढरं, बोटाएवढं, शेपूट सारखी वरखाली. पाऊस सरला की येतं, होळीला जातं. साहेब तिला सांगायचा की हेच पाखरू हिमालय ओलांडून जातं आणि पुढच्या हिवाळ्यात ह्याच शेतात, ह्याच पाटाच्या कडंला परत येतं. अक्का म्हणायची, म्हणजे ह्याचंबी सासर-माहेर हाय म्हणायचं.

वाळ्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. अक्कानं विचारलं, ह्याच्यावर काय लिवलंय? साहेब म्हणाला, "इसपे लिख्या है, हैदराबाद खबर देओ. जिसकू ये पंछी मिला, उने खबर देना." म्हणजे कुठल्या मुलखात कुणाला ते पाखरू गावलं तर त्यानं साहेबाला कळवायचं. घरी येऊन अक्का पोट धरून हसली. "लक्ष्मे, पाखराच्या पायात खबर बांधतोय गं हा म्हातारा!"

त्या दिवसापासून वाळ्याचं नाव पडलं खबर. आज तीन खबरी सोडल्या, आज एक खबर वाकडी बसली, असं ती आडावर, देवळात, सगळीकडं बोलायची. बायका विचारायच्या, "काय इरम्मा, आज खबर सोडली का?" त्याबी हसायच्या आणि हीबी हसायची.

साहेब दोन हिवाळे आला. दुसऱ्या खेपेला जाताना त्यानं एक जुनी जाळी आणि दोऱ्यात ओवलेली वाळ्यांची माळ अक्काच्या हातात दिली. मी न्हाय आलो तर तुम्ही घालत जा म्हणाला. आणि तो आलाच न्हाय. तिसऱ्या हिवाळ्यात सगळा मुलूख पेटला होता. रझाकार गावोगाव फिरत होते, बायका अंधार पडायच्या आत दारं लावून घ्यायच्या. सरहद्दीपलीकडं निजामाशी लढणाऱ्या पोरांचे कॅम्प, इकडं निजामाचे पोलीस, आणि मधी आमी. असल्या दिवसांत कुणाला पाखरांचं पडलंय? अक्काला होतं. ती म्हणायची, "पाखरांना काय ठाऊक कुणाचं राज्य हाय? ती आपली आली."

संक्रांतीच्या आधी वीरप्पा आला. तो कॅम्पातला. कुठलंसं जकातीचं नाकं जाळलं होतं त्यांनी, आणि पोलीस त्याच्या मागावर होते. जळकोटला जायची सोय न्हवती म्हणून बहिणीकडं आला. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, त्यातच तो राहायचा, माळ्याच्या खाली कडबा अंथरून. अक्का राखणीला जाताना भाकरी न्यायची. एका बाईच्या फडक्यात पाच भाकरी दिसल्या की गावाला काय कळायचं राहतं? गुरं राखणाऱ्याला दिसला, पाटकऱ्याला दिसला. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण गप्प होते, तेवढ्यापुरते चांगले वागले म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी मी भाकरी घेऊन शेतात गेले. बघते तर अक्का आणि वीरप्पा पाटाच्या कडंला बसलेले, जाळीत एक परीट गावलेलं. वीरप्पा म्हणाला, "मी घालतो गं खबर." त्याचं बोट बंदुकीनं रापलेलं, जाड. वाळं त्याला नीट दाबता येईना. शेवटी एका टोकावर दुसरं टोक चढलं आणि वाळं वाकडं बसलं. अक्का म्हणाली, "असू दे, तुझी खूण राहील." त्यानं मूठ उघडली. पाखरू जरा वेळ त्याच्या तळहातावर तसंच बसलं, मग उडालं. भाऊ-बहीण दोघं लहान पोरांसारखी हसली. लई दिवसांनी मी त्यांना हसताना बघत होते.

तिथनं आमी दोघी आडावर गेलो. अक्का खुशीत होती. बायकांनी विचारलं, काय गं, आज लई खुशीत? आणि ती बोलून गेली, "आज खबर सोडली एकदाची. लई दिवस राहून गेली होती."

एवढंच. मी शेजारी उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. पाच-सहा जणी होत्या. एकीनंबी भुवई वर केली न्हाय. सगळ्यांना ठाऊक होतं खबर म्हणजे काय.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पोलिसांनी शेत घेरलं. संगं रझाकार. वीरप्पा ज्वारीतून पळाला, ओढ्यापर्यंत पोचला आणि तिथंच गोळी लागून पडला. अक्काला ओढ्याकडं जाऊ देईनात. मग गावातले सगळे गडी चावडीपुढं उभे केले आणि आसरा दिला म्हणून मारायला सुरुवात केली. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा हात मोडला. माझा नवरा त्या मारानं पुढं दोन महिने उठला न्हाय.

आमचं घर झडतीला काढलं. उतरंडीत वाळ्यांची माळ गावली. जमादारानं ती बाहेर आणली, सगळ्या गावापुढं धरली आणि ओरडला, ये क्या है? त्याला इंग्रजी येत न्हवतं. संगं एक कारकून होता, त्यानं अक्षरं लावली. "इन्फॉर्म. हैदराबाद. म्हणजे, हैदराबादला खबर द्या."

जमादाराचा चेहरा एकदम पालटला. त्यानं अक्काकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ये तो अपनीच निकली. पैलेच बोलना था ना, बाई." त्या गाढवाला वाटलं, ही सरकारची पेरलेली बाई हाय, आणि ही तिची निशाणी. त्यानं माळ तिच्या हातात परत दिली. दिराला रांगेतनं काढून मोकळं केलं, त्याच्या अंगावर एक काठी पडली न्हाय. माझा नवरा आधीच मार खाऊन आडवा पडला होता, त्याचं काय. अक्का "माझा वीरू, माझा वीरू" एवढंच करत होती. जमादार काय बोलला ते तिनं ऐकलंसुद्धा न्हाय. पण मी ऐकलं आणि गावानं ऐकलं.

त्याच दुपारी आडावरच्या बायकांना आठवलं. काल इरम्मा काय म्हणाली? खबर सोडली म्हणाली. एकदाची सोडली म्हणाली. मी त्यांच्या दारात गेले, एकेकीच्या. म्हणाले, "अगं, दोन वर्सं तुमीच विचारता न्हवं, खबर सोडली का म्हणून? वाळं गं ते, पाखराचं!" त्या माझ्याकडं न बघता नवऱ्याच्या जखमेला हळद लावत होत्या. एक म्हणाली, "मग तुमच्या दिराला का सोडलं?"  जमादार येडा होता म्हणून, हे कोण ऐकून घेणार? आणि मला एक कळत होतं. खबर कुणीतरी दिलीच होती. प्रत्येकीच्या पोटात भ्या होतं, आपल्याच घरातल्या कुणी तर न्हाय ना? इरम्मानं दिली म्हटलं की सगळ्या सुटल्या. खरी कुणी दिली ते मला आजही ठाऊक न्हाय. ठाऊक असतं तर त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या मी.

दुसऱ्या दिवशी सांजेला शिवप्पा गाडी घेऊन आला भावाला न्यायला; तवर मढ्यापाशी पोलिसांचा पहारा होता, अक्काला जवळ जाऊ दिलं न्हाय. चावडीवर त्याच्या कानात जे घालायचं ते कुणीतरी घातलं होतं. अक्का गाडीत चढायला गेली तर तो म्हणाला, "पाय ठेवू नको." ती गाडीच्या मागं चालत निघाली. ओढ्यापाशी त्यानं गाडी थांबवली, मागं वळला आणि चाबूक उगारला. बहिणीवर! ती तिथंच उभी राहिली. वीरप्पाला जळकोटला आमच्या लिंगायतांच्या रीतीनं बसवून माती दिली, आणि हिला त्याचं तोंड बघायला मिळालं न्हाय. दोन दिवसांनी आईचा निरोप आला. माझ्या दारात येऊ नको, आलीस तर मी त्या दारातनं बाहेर पडेन आणि परत येणार न्हाय.

पावसाळा सरता सरता रझाकारी मोडली. फौजा आल्या, झेंडे लागले, गावात साखर वाटली. कालपर्यंत घरात दडून बसलेले छाती काढून फिरायला लागले. जळकोटात वीरप्पाच्या नावानं सभा झाली, म्हातारीला खुर्चीवर बसवून हार घातला. आणि इकडं अक्काला साखरसुद्धा दिली न्हाय. वाटणारा आमच्या दारावरनं सरळ पुढं गेला. मी मागनं त्याला ज्या शिव्या दिल्या त्या पुन्हा सांगण्यासारख्या न्हाईत.

अक्काला साखरेचं काय न्हवतं. गाव काय म्हणतं त्याचंबी न्हवतं. तिला एकच लागून राहिलं होतं, अव्वाला खरं कळलं पाहिजे. ती आईला अव्वा म्हणायची. खरं सांगणारा एकच माणूस होता, यावरसाहेब. कुणी म्हणे तो कराचीला गेला, कुणी म्हणे त्या गडबडीत मेला. मग राहिलं कोण? अक्का म्हणाली, "पाखरू राहिलं. लक्ष्मे, ते परत येतं. साहेब म्हणाला होता. पायात वाळं असलेलं पाखरू अव्वाच्या हातात ठेवलं की तिला कळंल खबर म्हणजे काय."

तो हिवाळा ती जाळीपाशी बसून राहिली. गाव म्हणायचं, बघा, अजून धंदा सोडला न्हाय. परीट गावायची, हातात घेऊन पाय बघायची आणि सोडायची. बिनवाळ्याची. तिची बोटं थंडीनं उलली होती. मी म्हणायची, अक्का, पुरे करा आता. ती म्हणायची, येईल गं.

आणि आलं की हो. पौषातली सकाळ होती. ती शेतातनं पळत आली, दोन्ही हात छातीशी धरलेले. मूठ जरा उघडून दाखवली. काळं-पांढरं परीट, आणि पायात वाळं. एका टोकावर दुसरं टोक चढलेलं, वाकडं. वीरप्पानं घातलेलं.  अक्का रडत होती आणि हसत होती. "वीरूचा हात लागलाय ह्याला. आता अव्वा न्हाय म्हणणार न्हाय."

दिरानं गाडी जुंपली. पाखराला बारक्या डालीत ठेवलं, वर माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. अक्का वाटंनं थांबून थांबून त्याला किडे शोधून घालत होती. ते जगलं पाहिजे, एवढाच जप.

जळकोटात शिरलो. उमाबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. वर्षात निम्मी झालेली म्हातारी. लेकीला बघून तिचं सूप थांबलं. उठून दारातनं बाहेर जाईल असं मला वाटलं, पण उठली न्हाय. आईच ती. अक्का तिच्या पुढ्यात बसली आणि घाईघाईनं सगळं सांगितलं. साहेब, जाळी, वाळं, आडावरचं बोलणं. "आणि हे बघ, अव्वा. वीरूनं घातलेलं. शेवटच्या दिवशी, त्याच्या हातानं."

म्हातारीनं पाखरू दोन्ही हातांत घेतलं. त्या वाळ्यावरनं तिनं अंगठा फिरवला. तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मला वाटलं, झालं, सुटली माझी अक्का.

तेवढ्यात शिवप्पा आला. काय ते ऐकून घेतलं आणि शेजारच्या मास्तरला हाक मारली. "हे वाचा जरा." मास्तरनं चष्मा लावला, म्हातारीच्या हातावर वाकला आणि वाचलं. "इन्फॉर्म हैदराबाद. हैदराबादला खबर द्या." भला माणूस होता, जे लिवलं होतं तेच त्यानं वाचलं. पण त्या काळात हैदराबाद म्हणजे काय, हे त्या अंगणाला वेगळं सांगायला नको होतं. निजाम, पोलीस, रझाकार, सगळं त्या एका नावात होतं.

मी ओरडले, "अहो, साहेबाचं गाव ते! पाखरं मोजणाऱ्या म्हाताऱ्याचं!" कुणी ऐकलं न्हाय. म्हातारी लेकीकडं बघत होती. ती ओरडली न्हाय, शिव्या दिल्या न्हाईत. हळूच म्हणाली, "त्याच्याच हातानं बांधून घेतलीस होय गं खबर?"

 म्हातारीनं ओंजळ उघडली. पाखरू भिंतीवर बसलं, दोनदा शेपूट हलवली आणि गेलं. म्हातारीनं सूप उचललं आणि तूर पाखडायला लागली. आमी उभ्या होतो, तिनं परत वर बघितलं न्हाय.

 घरी आल्यावर अक्कानं जाळी आणि माळ दोन्ही चुलीत घातली. जाळी जळाली, वाळी वितळून राखंत पडली. शेळीला ती शेळी म्हणायला लागली आणि चुलीला चूल. मला ते सगळ्यात जड गेलं.

पुढच्या दिवाळीच्या आधी कासार आला गावोगाव फिरत. ओट्यावर बसून अक्काच्या हातात बांगड्या भरत होता. भरता भरता बोलला, "जळकोटातबी गेलो होतो. उमाबाई गेल्यापासनं ते घर सुनं वाटतंय."

अक्काचा हात त्याच्या हातातच होता. तिनं विचारलं, "कधी?"

"दीड महिना झाला की. तुमी न्हवता का?" मग त्याच्या ध्यानात आलं. अक्का म्हणाली, भरा, राहिलेल्या भरा. त्यानं मान खाली घालून बांगड्या भरल्या. तो गेल्यावर अक्कानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग मला म्हणाली, "लक्ष्मे, एवढ्या मोठ्या गावात मला खबर द्यायला एकबी माणूस न्हवतं का गं?"